थोरल्या सुनेची मूठ

देवासच्या त्या घरात घटस्थापनेला एक मान होता आणि तो थोरल्या सुनेचा, म्हणजे उमाबाईंचा होता. नवी कवडी मुठीत धरायची, आरत्या संपेपर्यंत मूठ उघडायची नाही, मग ती देवीच्या पायाशी ठेवायची. यंदा त्यांचे यजमान उदाजीराव कोकणातून कवडीऐवजी एक लांबट शंख घेऊन आले होते. समुद्रातल्या खडकावरून स्वतः उचललेला, ओल्या वाळूच्या डब्यात जपून आणलेला, अंगावर सोनेरी जाळी. सगळ्यांनी वाहवा केली.

सगळ्यांनी म्हणजे धाकट्या जावेखेरीज. माधवी मालवणची. लग्न होऊन आली तेव्हापासून तिला या घरातलं सगळं चुकीचंच दिसत होतं. इथलं मराठी चुकीचं, इथली मच्छी शिळी, इथल्या निऱ्या वाकड्या.

“ताईसाहेब, हातात घेऊ नका. जिवंत आहे तो. शिकार करतो. सोंडेत सुईसारखा विषारी काटा असतो, माणूस मरतो!”

“रहने दे माधवी. शंख कधी जिवंत असतो का? मान हवा तर सरळ माग ना, हे नाटक कशाला?”

“मान घाला चुलीत! आधी त्याला उकळत्या पाण्यात टाका.”

देवीची वस्तू उकळायची! उमाबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांनी शंख उचलला आणि माधवीच्या डोळ्यांत डोळे घालून मूठ आवळली.

पहिल्याच आरतीत तळव्याला काहीतरी टोचलं. फारसं दुखलंही नाही. मग बोटं बधिर झाली, मग मनगट. उमाबाईंना काय झालं ते कळून चुकलं. नुसतं ‘चावला’ म्हणायचं होतं. पण समोर माधवी टाळ्या वाजवीत त्यांच्या मुठीकडेच बघत होती. तिच्यासमोर ते बोलायचं म्हणजे उरलेला जन्म तिचे टोमणे ऐकत काढायचा. उमाबाईंनी आवाज चढवला आणि पुढची आरती धरली. ओठ जड झाले तरी त्या गातच राहिल्या.

मंत्रपुष्पांजलीला त्या कोसळल्या. मूठ सुटली, शंख चौरंगाखाली घरंगळला.

“अरे भिया, साइड दे!” उदाजीराव इंदूरच्या इस्पितळाकडे गाडी हाणत पुढच्या ट्रकवाल्यावर ओरडत होते. मागच्या सीटवर उमाबाईंना सगळं ऐकू येत होतं, पण पापणीसुद्धा हलत नव्हती. मग छातीही हलेनाशी झाली. तेवढ्यात कुणीतरी त्यांचं नाक दाबलं, तोंडावर तोंड ठेवलं आणि आत हवा फुंकली. माधवी!

“मरायचं नाही,” दोन फुंकरींच्या मध्ये ती दात ओठ खाऊन म्हणत होती. “तुम्ही मेलात तर तुमची पुण्याई गातील सगळे. मी ओरडून सांगितलं होतं, ते तुम्ही जगून चारचौघांत कबूल करायचं. समजलं?”

उमाबाईंना किळस आली. या बाईचा श्वास, यापेक्षा मेलेलं बरं, असं वाटलं. तोंड फिरवायला गेल्या, पण फिरेना.

गाडीला गचका बसला. माधवीचं तोंड बाजूला झालं. पुढचा श्वास यायला उशीर झाला आणि उमाबाई जिवाच्या आकांताने त्याची वाट बघू लागल्या.