घड्याळाबाहेरची जागा

बारा

"आज तरी गार नाही ना गं ते?"

"कोमट केलंय जेल, बाई."

"आधी लाड करा, मग सुई टोचा. सगळे सारखेच तुम्ही."

पीटीच्या बाई टेबलावर आडव्या झाल्या. जन्मभर शाळेच्या मैदानावर शिट्टी फुंकलेली. आवाज अजून तसाच, पलीकडच्या खोलीत जाईल असा. सोनोग्राफीवाली हसली. स्तनाच्या कॅन्सरचे उपचार झाल्यावर दर सहा महिन्यांनी तपासणीला येणाऱ्या बायकांत तिला याच सगळ्यात जास्त आवडायच्या.

आज मात्र नुसती तपासणी नव्हती. काखेतल्या गाठीचा तुकडा काढायचा होता. सुई डॉक्टर मारणार. ते यायच्या आत गाठ पडद्यावर शोधून ठेवायची, एवढं तिचं काम.

तीन

तपासताना स्तनाचं घड्याळ करतात. वर बारा, खाली सहा. सोनोग्राफीचा प्रोब त्यावरून फिरवत न्यायचा, एकही तास सुटू द्यायचा नाही. बाईंचा ऑपरेशनचा व्रण दहावर आहे. तो तिला पाठ आहे.

काख घड्याळात येत नाही. ती शेवटी. तिच्यासाठी हात डोक्यावर न्यावा लागतो.

सहा

सहा महिन्यांपूर्वीची खेप. रेडिएशननंतर बाईंचा खांदा आखडला होता. हात जेमतेम अर्ध्यावर गेला आणि त्या किंचाळल्या. मग स्वतःच हसल्या. "पोरांना उन्हात हात वर करून उभं करायचे ना, त्यांची हाय लागली बघ."

डोळ्यांत पाणी होतं.

तिने हात अलगद खाली ठेवला. "राहू दे, बाई. दिसलं तेवढं पुरे."

पुरे नव्हतं. काखेचा वरचा भाग दिसलाच नव्हता. असं झालं की डॉक्टरांना सांगायचं असतं. मग ते स्वतः येतात आणि पेशंट रडली तरी हात वर न्यायला लावतात. बाईंना पुन्हा रडवणं तिच्या जिवावर आलं. "सगळं ठीक आहे," असं तिने डॉक्टरांना सांगितलं.

गेल्या आठवड्यात बाई व्यायामाने सुटलेला खांदा कौतुकाने दाखवत आल्या. दुखत होतं, तरी हात वर गेला. आणि पडद्यावर तिथे, अगदी वर, काळी गोल गाठ.

सहाच्या जरा पुढे

"तुझी माफी मागायचीय," बाई छताकडे बघत म्हणाल्या.

"माझी? कशाबद्दल?"

"सहा महिन्यांपूर्वी मी नखरे केले नसते तर तेव्हाच सापडलं असतं हे. लेक तुमच्यावर भडकली होती, इथे येऊन भांडणार होती. म्हटलं, त्यांना कशाला बोलतेस? मीच हात वर केला नाही. तेव्हापासून धड बोलत नाहीये माझ्याशी. बरोबरच आहे तिचं."

नऊ

म्हणता आलं असतं: जाऊ द्या, बाई, झालं ते झालं.

म्हणता आलं असतं: तेव्हा गाठ असेलच असं नाही. हे खरंही होतं. म्हणून तर ते तोंडापर्यंत आलं.

काही न म्हणताही चाललं असतं. बाईंनी सगळं आपल्या अंगावर घेतलंच होतं.

"तुम्ही नाही, बाई. मी थांबवलं."

"मी ओरडले म्हणून."

"सगळ्याच ओरडतात. त्यांचे हात नेते मी वर. तुमचा नेला नाही. आणि डॉक्टरांना ठीक आहे म्हणून सांगितलं. आता आले की खरं सांगणार आहे."

बाईंनी छताकडची नजर तिच्याकडे वळवली.

"म्हणजे लेक माझ्यावर उगाच रागावलीय."

"हो."

"आणि मी रोज रात्री स्वतःला..." बाई थांबल्या. "आज तुझ्याऐवजी दुसरी कुणी आहे का?"

"आहे."

"तिला बोलाव."

चिडून नाही. पाणी मागावं तसं.

घड्याळाबाहेर

डॉक्टरांना तिने दारातच सगळं सांगितलं. "नंतर बोलू," ते म्हणाले आणि आत गेले. दुसरीही गेली. दार लागलं.

ती बाहेर उभी राहिली. आतून दुसरीचा आवाज आला. "वर घ्या. अजून. अजून थोडा." मग बाईंची किंकाळी. दुसरी थांबली नाही. तिने थांबू नये, असं हिला वाटलं. थांबावं, असंही वाटलं.

बाकावर वाट बघत बसलेल्या बाईने अंग आक्रसून घेतलं. "ताई, माझी तपासणी तुम्हीच करणार ना? तुमचा हात हलका आहे म्हणतात."

आत बाई पुन्हा ओरडल्या.

"बसा ना," बाकावरची बाई म्हणाली आणि पर्स मांडीवर घेऊन तिच्यासाठी सरकली.

ती बसली नाही.