काही बदल नाही

पूर्वी मालमत्तेचं विवरण भरायचं म्हणजे माझ्या नवऱ्याचा जीव टांगणीला लागायचा. घर, जमीन, माझ्या बांगड्या, पोसायची माणसं, सगळं पानोपानी लिहायचं. मग वरच्यांना सुचलं, अधिकाऱ्यांचा हा ताप सोपा करावा. आता एकच चौकट: ‘गेल्या वर्षाप्रमाणेच, काही बदल नाही.’ खूण करा, सही करा, मोकळे व्हा. अख्ख्या कार्यालयाने डोळे झाकून खुणा केल्या. आमच्या ह्यांना तर फारच हायसं वाटलं, कारण त्याच वर्षी एका ठेकेदाराने शहराबाहेरचा एक प्लॉट ह्यांना ‘भेट’ दिला होता, माझ्या भावाच्या नावावर.

तेव्हा मला सातवा महिना होता. आणि तो सातवाच राहिला.

कॅलेंडरवर नववा उलटला तशा सासूबाई म्हणाल्या, “बापावर गेलंय. वेळेवर कुठे निघतंय!” मीही हसले. डॉक्टरीणबाई मात्र हसल्या नाहीत. बाळाचे ठोके छान होते, पण वजन मागच्या वेळेइतकंच. त्यांनी मशीन बदलून पाहिलं, तरी तेवढंच.

दवाखान्याबाहेर ह्यांच्या कार्यालयातल्या इंजिनिअरची बायको भेटली. तिच्या मुलाचा दुधाचा दात कधीपासून हलत होता, पण पडायचं नाव घेत नव्हता. ती हळूच म्हणाली, “घरात केळीसुद्धा पिकत नाहीत गं. आपल्या कार्यालयातल्या हिशेबनीसांनी परवा ती चौकटीतली खूण मागे घेतली, पूर्वीसारखं सगळं लिहून दिलं. त्यांचे वडील कधीचे अंथरुणाला खिळलेले, ना इकडे ना तिकडे. त्याच दुपारी सुटले बिचारे.”

मी समोरची रिक्षा पकडली. घरी आल्या आल्या ह्यांना म्हटलं, “अहो, ती खूण मागे घ्या. सगळं खरं लिहून द्या.”

“प्लॉटही?”

“प्लॉटही.”

“वेड लागलंय का तुला? नोकरी जाईल, वर तुरुंगात जाईन.”

“आणि हे?” मी पोटावर हात ठेवला.

ते पोटाकडे बघत राहिले, अगदी शांतपणे. “आत सुखरूप आहे ना? ठोके छान आहेत म्हणालीस. मग घाई कसली?” एवढं बोलून ते जेवायला बसले.

ज्याच्याबरोबर संसार केला त्या माणसाची मला पहिल्यांदा भीती वाटली. बाळ रोज लाथ मारायचं, उजव्या बरगडीखाली, त्याच जागी, तितक्याच जोराने. आधी मी कौतुकाने हात लावायचे. आता लाथ बसली की रडू यायचं.

मग नव्या वर्षाची चौकट आली. सकाळी हे गुणगुणत पेन शोधत होते. मी चपला घातल्या आणि तडक त्यांच्या साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन उभी राहिले. प्लॉट, ठेकेदार, भावाचं नाव, सगळं सांगून टाकलं. सख्ख्या भावालाही मी खड्ड्यात घालत होते, आणि ते मला कळत होतं. साहेबांनी ह्यांचं गेल्या वर्षीचं विवरण मागवलं आणि लाल पेनाने ती खूण खोडली.

कमरेतून अशी कळ निघाली, की राहिलेले सगळे महिने एकदम अंगावर आले. मी टेबलाची कड धरली. “गाडी काढा!” साहेब ओरडले. धावपळ ऐकून हे दारात आले. मी त्यांच्याकडे हात पुढे केला.

त्यांनी टेबलावरचा कागद पाहिला, लाल रेघ पाहिली. माझ्याकडे पाहिलंच नाही. माझा हात ड्रायव्हरने धरला.