गच्चीवरचा खोटा पाऊस

एप्रिलच्या रखरखीत दुपारी गच्चीवर पाऊस पडल्याचं मोबाइलने सांगितलं, तेव्हा किशोरी पडवीत बसून फणसाचे गरे काढत होती. तिने चिकाचे हात तसेच धरून अंगणात येऊन वर पाहिलं. आभाळात ढगाचं नाव नव्हतं.

टेलिफोन खात्यात लाइनींचे दोष शोधण्यात तिची सगळी नोकरी गेली होती. निवृत्त होऊन तोंडवळीला सासरच्या घरी राहायला आल्यावर तिने गच्चीवर खांब उभारून हवामानयंत्र बसवलं. पाऊस, वारा, तापमान, सगळं तिच्या मोबाइलवर दिसायचं आणि हौशी मंडळींच्या एका गटाकडेही जायचं. असा कोरडा पाऊस पुन्हा पुन्हा नोंदला जाऊ लागला, तसा गटाने तिच्या यंत्रापुढे 'संशयास्पद' असा शेरा मारला. तो शेरा किशोरीला फार लागला.

कोणीतरी यंत्रात पाणी ओतत होतं, यात तिला शंका उरली नाही. आणि घरात माणसं दोनच. दीर बोटीवर नोकरीला. मागे ती आणि धाकटी जाऊ शेवंती. गच्ची ही शेवंतीची कोकमाची सोलं वाळवायची जागा. खांब उभा राहिला त्या दिवशी ती म्हणाली होती, "वयनी, माझी सोलां आता खंय घालू? तुमच्या डोक्यार?" तेव्हा दोघी हसल्या होत्या. आता किशोरीला ते हसणं वेगळंच वाटायला लागलं.

ती पाळत ठेवू लागली. शेवंती जिन्याकडे वळली की हिचे कान टवकारायचे. पावसाची नोंद दिसली की ती रागाने पुसून टाकायची.

मंगळवारी ती पेन्शनच्या कामाला ओरोसला गेली. संध्याकाळी परतून बघते तर यंत्रात आजवरचा सगळ्यांत मोठा पाऊस! अंगणातली वाळू कोरडी ठणठणीत. गच्चीवर वाळत घातलेल्या तिच्या साड्या मात्र घडी करून खाटेवर ठेवलेल्या, आणि त्यांचे काठ ओलसर. ओतताना पाणी उडालं असणार. तिचं डोकंच फिरलं.

"शेवंती, त्या यंत्रात पाणी कित्याक ओतलंस?"

"मी? वयनी, पाऊस पडलो! सोलां भिजतली म्हणान धावत वर गेलंय. तुमची लुगडी पण मीच काढलंय."

"आचऱ्याक पडाक नाय, कुडाळाक पडाक नाय, आणि आमच्याच गच्चीर पडलो?"

शेवंतीने एकदा तिच्याकडे बघितलं आणि ती आत निघून गेली.

किशोरीने तीही नोंद पुसली. दुसऱ्या दिवशी गटाचं काम बघणाऱ्या सुदेशचा फोन आला. तो म्हणाला, "पुसू नका. मूळ आकडे यंत्रात राहतात, ते परत काढा. त्या वेळी वारा किती होता, बघितलंत का?"

तिने बघितलं नव्हतं. आकडे काढून पावसाशेजारी वारा मांडला, तेव्हा ती चपापली. प्रत्येक कोरड्या पावसाच्या वेळी समुद्रावरून सोसाट्याचा वारा होता. ती वर गेली आणि खांब हाताने हलवला. मोबाइलवर पाऊस पडला! यंत्रात चमच्याएवढी एक कुंडी असते. ती भरून कलंडली की पाऊस मोजला जातो. खांब हलला की ती रिकामीच कलंडत होती. खांबाचा नट ढिला होता. तो पान्याशिवाय, नुसत्या हाताने पिळला होता तिनेच.

मंगळवारचं मात्र जमेना. त्या दुपारी वारा जवळजवळ नव्हता. उलट पारा झरकन उतरला होता आणि हवेतली आर्द्रता चढली होती. एकच ढग गावावरून बरसून गेला होता आणि अंगणातल्या तापलेल्या वाळूने ते पाणी संध्याकाळपर्यंत पिऊन टाकलं होतं. म्हणजे सगळ्या नोंदींत तेवढीच खरी होती.

किशोरीचे कान तापले. तिने नट पान्याने आवळला, खोट्या नोंदींवर 'खांब हलल्यामुळे' असा शेरा लिहिला, मंगळवारचा पाऊस परत जागेवर ठेवला आणि स्वयंपाकघरात गेली. शेवंती नारळ खोवत होती.

"शेवंती, मंगळवारी पाऊस पडलो होतो."

"माका सांगतास? मी भिजलंय."

"माझी चूक झाली गो."

शेवंतीची खोवणी थांबली नाही. "मशीनीक विचारलास, मगे माझा खरा वाटला. आदी माकाच विचारूचा होता."



पुढे बरेच दिवस शेवंती गच्चीवर जाताना जिन्याखालून मुद्दाम मोठ्याने सांगायची, "वयनी, वर जातंय हां!" किशोरी हातातलं काम टाकून म्हणायची, "जा गो बाय, माका कित्याक सांगतंस?" ते सांगणं थांबायला अख्खा मे महिना सरावा लागला.