मनोरी हाकेच्या अंतरावर

मी एक जुनं पितळी कर्कटक आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मला माझ्या कामाचा अभिमान वगैरे काही नाही. तुमच्या कंपासपेटीत माझी पत्र्याची भावंडं असतात, बाकावर नावं कोरायला. ती बरी. बाक सोडून ती कुणाचं वाटोळं करत नाहीत.

गिरगावातल्या एका कारागिरानं मला घडवलं आणि बोरिवलीच्या एका सरकारी कचेरीत माझी नेमणूक झाली. लोकांना दवाखाना, शाळा, बस गाठता येते की नाही, हे तिथं मोजत. मोजत म्हणजे काय, तर नकाशे काढणारे नाना माझा एक पाय दवाखान्यावर रोवायचे आणि दुसरा गरकन फिरवायचे. वर्तुळात आलेली वस्ती सुखी, बाहेरची दुःखी. संपलं काम! नाना मला दर शनिवारी तेल लावत. साहेब पाहुण्यांना माझी वर्तुळं दाखवत आणि "आमचं सगळं शास्त्रीय" असं म्हणत. या साहेबांनी जन्मात बूट भिजू दिले नव्हते.

१९८४ साली मनोरीहून मालन नावाच्या बाईंचा अर्ज आला. गावात बाळंतपणाची सोय करा, एवढंच मागणं. खाडीच्या अलीकडे, मार्वेच्या बाजूला एक प्रसूतिगृह होतं. नानांनी माझं टोक त्यावर ठेवलं, तीन किलोमीटरचं वर्तुळ काढलं. मी खाडीवरून पाय न भिजवता गेलो आणि मनोरी आत घेऊन परत आलो. साहेबांनी शेरा मारला, 'गाव हाकेच्या अंतरावर. सोयीची गरज नाही.'

चार दिवसांनी मालन स्वतःच कचेरीत हजर.

"साहेब, हाक मारायला या ना एकदा आमच्याकडे," ती म्हणाली.

साहेबांना अर्थातच वेळ नव्हता. त्यांनी नव्या नोकरीला लागलेल्या अनुपमाला पाठवलं. तिच्या पिशवीत नकाशा आणि मी. सकाळी भरतीला होडीनं आम्ही दहा मिनिटांत पलीकडे पोचलो. मला वाटलं, बघा, मी बरोबरच होतो. माझी अक्कल ती तेवढीच.

परतताना ओहोटी लागली होती. मालन धक्क्यावर उभी राहिली.

"आता मारा हाक."

अनुपमा लाजली, पण तिनं ओरडून होडीवाल्या धाकूला बोलावलं. पलीकडून लगेच आवाज आला, "ऐकू येतंय ओ बाई! पण पाणी नाय! बसून रावा!"

आम्ही अडीच तास बसून राहिलो. समोर चिखल, चिखलापलीकडे मार्वे. खाडीला वळसा घालून जावं, तर त्याहून जास्त वेळ. मालननं सांगितलं, गेल्या वर्षी तिची सून शेवंती कळा देत इथंच बसली होती. पाणी आलं, पण बाळ गेलं होतं. आता शेवंतीला पुन्हा सातवा लागला होता. मालन रडली नाही. ती घड्याळाकडे बोट दाखवून म्हणाली, "लिहा किती वाजले ते."

अनुपमानं लिहिलं. तिनं नानांना बसवून घड्याळाप्रमाणे नवा नकाशा काढायला लावला. तासाभरात जिथून खात्रीनं पोचता येतं तेवढाच भाग आत. आकार निघाला पहिल्यांदा लाटलेल्या पोळीसारखा, खाडीकडून तुटका. मनोरी बाहेर. मला त्यात काही कामच नव्हतं. नानांनी हातानं रेघ ओढली आणि मला खरंच बरं वाटलं.

साहेबांनी नकाशा दोन बोटांत धरला.

"हे काय आहे? शेंडा ना बुडखा! पाणी दर सहा तासांनी बदलतं, म्हणून मी नकाशा बदलू? गोल काढा, गोल!"

नानांची नोकरीची दोन वर्षं उरली होती. त्यांनी मला उचललं. मी फिरलो. माझी मला किळस आली. अर्ज निकालात निघाला.

तीन महिन्यांनी मालन पेढे घेऊन आली. नात झाली होती, तीही मार्वेच्या त्याच प्रसूतिगृहात. साहेबांनी पेढा तोंडात टाकला आणि विजयी चेहऱ्यानं अनुपमाकडे पाहिलं.

"बघा! पोचल्या की नाही वेळेवर?"

"पोचली ना," मालन म्हणाली. "महिनाभर आधी निघाली. घरदार सोडून मार्वेला माझ्या बहिणीकडे पथारी टाकून होती. जिची बहीण नाय तिकडे, तिनं काय करायचं?"

साहेबांनी दुसरा पेढा घेतला. अनुपमा मान खाली घालून बसली. नानांनी मात्र मला बाजूला सारलं, फाइल उघडली, साहेबांच्या शेऱ्याखाली शाईनं लिहिलं, 'मनोरी ते प्रसूतिगृह: एक महिना', आणि खाली सही ठोकली. त्यांना मेमो मिळाला. मला कपाटात टाकलं ते आजतागायत. माझ्यावर हिरवा गंज चढलाय.

मित्रांनो, असल्या गोष्टींच्या शेवटी आम्हाला जपा, पुसा असं म्हणायची रीत आहे. माझा गंज राहू द्या. उद्या तुम्ही मोठ्या खुर्चीवर बसाल, तेव्हा कोण किती लांब राहतं हे मला विचारू नका. मला खाडी ओलांडायला दोन सेकंद लागतात, आणि माझ्या पोटात बाळ नसतं.