तळघरापर्यंत उतरणारा दिवा

मित्रांनो, मी एक जुनी लिफ्ट आहे, आणि एका जागी उभं राहणं माझ्या अगदी जिवावर येतं. क्योतोतल्या एका इस्पितळात माझं आयुष्य गेलं. तेव्हा शस्त्रक्रिया तिसऱ्या मजल्यावर व्हायची आणि किरण देणारं यंत्र होतं तळघरात. स्वादुपिंडाचा कर्करोग कापून काढण्यापलीकडे गेला, की डॉक्टर भूल दिलेल्या पेशंटच्या उघड्या पोटावर स्वच्छ कापड झाकून त्याला माझ्यातून खाली न्यायचे. किरण थेट गाठीवर सोडायचे, मग वर आणून पोट शिवायचे. त्याने रोग जायचा असं नाही, पण पाठीतली जीवघेणी कळ बरेचदा थांबायची. रोग सगळीकडे पसरलेला दिसला, तर मात्र मला बोलावणंच यायचं नाही.

एकदा तोकुजी नावाच्या तातामीवाल्याला शस्त्रक्रियेसाठी आत नेलं. जन्मभर लोकांना झोपायला चटया करून दिल्या, आणि स्वतःला मात्र कळेमुळे पाठ टेकता येईना! त्याची बायको फुसाए आणि थोरली बहीण मासुए दुसऱ्या मजल्यावर माझ्या दारासमोर बसल्या होत्या. माझ्या दारावरचा मजल्यांचा दिवा तळघरापर्यंत उतरला तर किरण देता आले असं समजा, हे डॉक्टरांनी सांगितलेलं. दारावरच्या आकड्यांवरून फुसाएची नजर हलेना.

मी 'राखीव' पाटी लावून तिसऱ्या मजल्यावर ताटकळत होते.

"ही मेली हलत का नाही?" मासुए करवादली.

"वन्सं, तिला नावं नका हो ठेवू. आज आपलं सगळं तिच्याच हातात आहे."

तेवढ्यात खालून कुणीतरी बटण दाबलं. बटण दाबलं की मला जावंच लागतं! तीन, दोन...

"निघाली! वन्सं, निघाली!" फुसाएने नणंदेचे हात गच्च धरले.

आणि मी पहिल्याच मजल्यावर थांबले. परत दुसऱ्यावर येऊन दार उघडलं, तर आत कुणा पेशंटच्या भेटीसाठी खरबूज घेतलेले एक गृहस्थ!

"पाटी दिसली नाही? डोळे काय घरी ठेवून आलात?" मासुए कडाडली. ते बिचारे वाकवाकून माफी मागत राहिले. फुसाएने पुन्हा आकड्यांवर नजर लावली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

खरं बोलावणं आलं ते बऱ्याच वेळाने. एरवी मी धसमुसळी, पण ती खेप मी श्वास रोखून उतरले. आत तोकुजी, आणि त्याच्यावरच्या कापडावर डॉक्टरांचा हात. एक धक्का बसला असता तर? तीन, दोन, एक, तळघर. फुसाएने ह्या वेळी डोळेच मिटून घेतले होते म्हणे. मासुएच ओरडली, "अगं, उघड डोळे! उतरली बघ!"

घरी जाताना तोकुजी माझ्या भिंतीला पाठ टेकून ताठ उभा राहिला. "आहाहा! इथेच एक तातामी टाका, मी झोपतो."

"झोप हो, दुकान मी चालवते," मासुए म्हणाली.

"काल रात्री चक्क घोरत होतात तुम्ही," फुसाए म्हणाली आणि हसता हसता रडायला लागली. रोग गेला नव्हता, हे तिघांनाही ठाऊक होतं.

आता यंत्र शस्त्रक्रियेच्या खोलीतच आलंय. मी मळक्या चादरी वाहते, कुरकुरते. मित्रांनो, एक वेळ मला तेलपाणी नका करू. पण कुठल्याही लिफ्टवर 'राखीव' पाटी दिसली, तर मुकाट्याने जिना चढा. वर कुणीतरी तिच्या दिव्याकडे डोळे लावून बसलेलं असतं.