इस्त्री केलेली पावती

"पावती जपा. चुरगळली तर मशीन वाचत नाही," असं विमा कार्यालयातल्या कारकुनाने बजावलं होतं. आता सांगा, तीस वर्षं लोकांच्या कपड्यांना इस्त्री करणारी बाई मी. ह्यांच्या खिशात ती पावती चुरगळलेली दिसली. वर फडकं टाकलं आणि हलक्या हाताने इस्त्री फिरवली. फडकं उचललं तर पावती काळी ठिक्कर. तो कागद उष्णतेने काळा पडतो म्हणे. हे मला कोणी सांगितलं होतं का?

सरकारी विमा नुकताच मिळालेला. कार्ड दोन महिन्यांनी घरी येणार, तोवर ती पावतीच दाखवायची. आणि हे दवाखान्यात. डाव्या पायाची दोन बोटं साखरेने सडलेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गुरुवारपर्यंत बोटं काढली तर पाय वाचेल." ऑपरेशनची मंजुरीही आली होती, फक्त पावती दाखवायची राहिली होती. घरोघरी कपड्यांचे गठ्ठे पोचवायचं काम ह्यांचं. पाय गेला तर खायचं काय?

मंगळवारी त्या कारकुनाच्या हातापाया पडले. तो म्हणाला, "दुसऱ्या प्रतीला रुग्णाचा अंगठा लागतो. त्यांना घेऊन या."

"अहो दादा, ते दवाखान्यात आहेत. पाय खाली टेकवत नाही त्यांना."

"मग बरे झाल्यावर आणा."

बरे झाल्यावर पावती कशाला, लोणचं घालायला? पण तोंड उघडलं असतं तर खिडकी बंद झाली असती.

बुधवारी सकाळी ह्यांना दवाखान्यातून काढलं. नर्सने एका कागदावर सही घेतली, मी न वाचता केली. घाईत होते मी. ह्यांना आमच्या हातगाडीवर निजवलं आणि ढकलत नेलं. वाटेत एकदासुद्धा कण्हले नाहीत. उलट म्हणाले, "आज मीच गठ्ठा झालो गं." मला हसायलाही आलं नाही.

कारकुनाने बाहेर येऊन अंगठा घेतला. दोन मिनिटांत नवी पावती. दोन मिनिटांचं काम, आणि दोन दिवस माझा जीव टांगणीला. पावती तळहातावर आडवी धरून दवाखान्यात परत आणली. ह्यांना बाहेर सावलीत ठेवलं आणि खिडकीशी गेले.

खिडकीतल्या मुलीने पावती घेतली, संगणकात बघितलं. "आजी, तुम्ही रुग्णाला स्वतःच्या मर्जीने नेलंत. सही आहे तुमची. ऑपरेशनची मंजुरी रद्द झाली. बेडही दुसऱ्याला दिला. आता नवा अर्ज, बारा दिवस लागतील."

"मर्जीने? तुमच्याच लोकांनी अंगठा मागितला म्हणून नेलं की गं बाई."

"ते कार्यालय वेगळं, आजी."

बारा दिवस! उशीर झाला तर सडणं गुडघ्यापर्यंत चढेल, हे डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं. तातडीने होत नाही का, विचारलं. बोटं तातडीच्या यादीत येत नाहीत म्हणाली. तीही बिचारी कंटाळली होती, मागे वीस माणसं उभी होती.

मी काच धरून ठेवली. "आणि गुडघ्यापासून पाय काढायचा असेल तर?"

तिने टाइप केलं. "ते यादीत आहे. त्याची मंजुरी आजच मिळते. बेडसुद्धा."

मी बाहेर आले. हे गाडीवर कोपरावर उठून वाट बघत होते.

"काय म्हणाली? झालं का आपलं काम?"

"आजच होतंय म्हणाली," मी म्हटलं.