कडी लाव, पुनम

माझं तोंड वाईट आहे. आधी माझी सासू म्हणायची, आता लातुरातली निम्मी पोरं म्हणतात. पण मला सांगा, दार लोटायचं आणि आतून कडी घालायची, यात अवघड ते काय? महिनाभर मी एका पोरीला एवढंच सांगत होते, आणि महिनाभर ती पोरगी नेमकं तेवढंच करत नव्हती.

पोरीचं नाव पुनम. औशाच्या पलीकडचं खेडं. बाप रामकिशन शेतकरी, पोरीला अकरावीला लातूरला होस्टेलवर ठेवलेली. तेव्हा लातुरात गल्लोगल्ली ट्युशन निघून राहिल्या होत्या. पहाटे पाचला सायकलींची रांग लागायची आणि भिंतीभिंतीवर डॉक्टर होणाऱ्या पोरांचे फोटो. मी दिवसा शाळेत शिकवायचे आणि संध्याकाळी या पोरांना गोळा करून नाटक बसवायचे. पालक म्हणायचे, "सालेहाआपा, नाटकानं मार्क पडत नाहीत." मी म्हणायचे, "झोपेनं पण पडत नाहीत. मग काय, झोप पण बंद करता?"

नाटक मीच लिहिलेलं. टेस्टमध्ये नापास झालेली पोरगी खोलीत जाते, आतून कडी लावून घेते. बाहेर बाप दार ठोकत राहतो, आणि शेवटी लाथ घालून दार उघडतो. स्टेजच्या मधोमध गुरुलिंग सुतारानं बनवलेलं प्लायवुडचं एकच दार. चौकट आणि खाली दोन ठोकळे, बस. भिंत नाही, छप्पर नाही. दाराच्या अलीकडं पुनम, पलीकडं बाप झालेला यासेर, दोघंही लोकांना दिसणार.

पुनमचा आवाज म्हणजे काय सांगू! शेवटच्या रांगेतला पेंगणारा म्हाताराही सावरून बसेल. पण दार लोटलं की तिचा हात कडीपर्यंत जायचा आणि खाली यायचा. तिकडून यासेर पूर्ण ताकदीनं लाथ घालायचा आणि उघड्या दारातून सरळ आत येऊन पालथा पडायचा. पोरं खो खो हसायची.

"या अल्ला! आपा, ये दरवाजा मेरी जान लेगा," यासेर गुडघा चोळत म्हणायचा.

"कडी, पुनम!"

"विसरले, आपा."

"जेवायला विसरतीस का?"

ती मान खाली घालायची. मला वाटायचं, माजलीय. एकदा म्हटलंही, "पुन्हा विसरलीस तर नांदेडला तुझं काम कशिश करेल. विंगेतून वाक्यं पुरवते ती, तिचं सगळं पाठ आहे." पुनमचा चेहरा पार उतरला. "न्हाई आपा. असं करू नका. होस्टेलात दिवसभर तोंड मिटून बसायचं. हितंच तेवढं मोठ्यानं बोलता येतंय मला. नांदेडला लावते मी कडी. शपथ."

स्पर्धा नांदेडला होती. नांदेड माझं माहेर, त्यामुळं मला जरा जास्तच चेव चढलेला. टेम्पोत दार, गुरुलिंग, पेट्या, पोरं, सगळं कोंबलं आणि अहमदपूरमार्गे निघालो. सोबत पुनमची आई सिंधूताई, कारण बापाची अट होती की आई संगं जाईल तरच पोरगी जाईल. बाई अख्ख्या वाटेत चकार शब्द बोलली नाही. पुनम मांडीवर वही ठेवून फिजिक्सची गणितं सोडवत होती.

दुपारी हॉलवर शेवटची तालीम लावली. पुनमनं दार लोटलं. हात वर गेला. थांबला. खाली आला. यासेर धाडकन आत पडला.

यावेळी कुणी हसलं नाही, कारण माझं टाळकं सरकलं होतं. "अगं, अक्कल कुठं गहाण टाकून आलीस? इतक्या पोरांच्या मेहनतीवर पाणी फिरवायला निघालीस? काढ ती नाटकातली ओढणी. कशिश, तू उभी राहा."

पुनम वाद घालेल, रडेल असं वाटलं होतं. तिनं गपचूप ओढणी काढली, कशिशच्या हातात दिली आणि विंगेत जाऊन बसली.

खुर्चीतून सिंधूताई उठून माझ्याजवळ आल्या. "म्याडम, पोरीला बोलू नका. आमच्यात कडी लावत न्हाईत."

"तुमच्यात म्हणजे?"

"आमच्या गावात. भूकंपापासनं. नवीन घरं मिळाली, लोखंडी दारं हायेत. पर कुणीच लावत न्हाई. रातच्याला नुसतं लोटायचं."

भूकंप झाला तेव्हा मी नांदेडातच होते. नंतर दोन वर्षांनी लातूरला बदली झाली. मला भूकंप पेपरातला माहीत. कडीचं मला कुणी सांगितलंच नव्हतं.

सिंधूताई हळूच म्हणाल्या, "हिची थोरली बहीण दहावीला होती. पहाटं अभ्यासाला उठायची. ल्हान्यांची कटकट नको म्हणून आतनं कडी लावायची. आमी भाईर अंगणात निजलेलो. हाललं तशी चौकटच वाकडी झाली. पोरगी आत जित्ती होती, म्याडम. बोलत होती. 'आई, कडी निघंना,' म्हणत होती. ही पुनम दाराला लटकून वढत होती भाईरून. मंग वरचं मातीचं माळवद खाली बसलं."

महिनाभर मी त्या पोरीवर कडी कडी करून ओरडत होते. मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

विंगेत जाऊन मी पुनमसमोर बसले. "ओढणी घे परत. कडी नको लावू. नुसतं लोट, यासेर हळू ढकलेल. कुणाला कळणार पण नाही."

तिनं माझ्याकडं बघितलं. "आईनं सांगितलं व्हय तुम्हाला?"

"हाव."

"मंग आता मी लावणारच."

"पुनम, हट्ट करू नको. नाटक आहे हे."

"म्हणूनच तर, आपा. खऱ्यात मला कवाच लावता यायची न्हाई."

नाही म्हणावं तर मघाशी मीच तिची ओढणी काढून घेतली होती. हो म्हणावं तर पोरगी स्टेजवर मोडून पडायची भीती. शेवटी म्हटलं, "बरं. पण नाही जमलं तर सोडून दे. मी पडदा पाडते, नाटक गेलं खड्ड्यात." गुरुलिंगला पडद्याच्या दोरापाशी उभं केलं आणि बजावलं, "माझ्या हाताकडं बघत राहा."

नाटक सुरू झालं. पहिली पंधरा मिनिटं कशी गेली मला आठवत नाही. मी फक्त दाराकडं बघत होते. पुनम आत आली. तिनं दार लोटलं. हात वर गेला.

कडीचा खट्ट आवाज झाला.

यासेरला इतका धक्का बसला की तो क्षणभर बाप असल्याचंच विसरला. मग त्यानं दार ठोकलं. "उघड! काय म्हणलो मी? दार उघड!" पुनमनं यावर ओरडायचं होतं. ती गप्प. हात अजून कडीवरच. कशिशनं विंगेतून वाक्य पुरवलं, तरी गप्प. यासेरनं पुन्हा ठोकलं. पुनमनं कडी मागं ओढली. कडी हलली नाही. तिनं दोन्ही हातांनी ओढली. महिनाभर लाथा खाऊन ती चौकट तिरपी झाली होती, आणि ते कुणी तपासलं नव्हतं, कारण त्या दाराला कडी कधी लागलीच नव्हती.

"कडी निघंना," पुनम म्हणाली.

हे वाक्य माझ्या नाटकात नव्हतं. लोकांना वाटलं, आहे. तिसऱ्या रांगेत सिंधूताई ताडकन उभ्या राहिल्या.

"आई, कडी निघंना."

गुरुलिंग माझ्या हाताकडं बघत होता. मी हात उचलला आणि तो तसाच राहिला. पडदा पाडला असता तर ती पोरगी त्या दाराआड जन्मभर अडकली असती. नाही पाडला तर तिथंच कोसळेल, असं वाटत होतं.

यासेरनं लाथ उगारली. ती पडली असती तर दार थेट पुनमच्या तोंडावर आलं असतं. त्यानं पाय खाली घेतला. त्याला कशाचीही गंधवार्ता नव्हती, पलीकडं पुनम ओरडायचं सोडून दोन्ही हातांनी कडी ओढत राहिलीय, एवढंच त्याला दिसत होतं. आणि त्या धसमुसळ्या पोरानं, मी ज्यासाठी तालमीत कान उपटते तेच केलं. जिथं भिंत मानली होती तिथून सरळ चालत आत आला. चिकटवलेली मिशी अर्धी सुटलेली. कुणी हसलं नाही.

"सरक थोडी," तो म्हणाला. "मी हाय. तू वर उचल, मी वढतो."

दोघांनी जोर लावला. प्लायवुड करकरलं. कडी निघाली आणि दार आपोआप उघडलं.

यासेर बाजूला झाला. पुनम चौकटीत उभी राहिली. तिला पुढं पाय टाकवेना. तिनं समोरच्या अंधारात बघितलं आणि म्हणाली, "आई, निघाली."

"ये गं माय," सिंधूताई तिसऱ्या रांगेतून ओरडल्या. "ये, भाईर ये."

तेवढ्यात परीक्षकांनी वेळ संपल्याची घंटा वाजवली. पुनम दचकली, चौकट धरून तिथंच थांबली. मग मात्र माझं तोंड सुटलं. विंगेतून तशीच स्टेजवर घुसले आणि परीक्षकांवर ओरडले, "थांबा की हो जरा! दिसत न्हाई का? पोरगी बाहेर येऊन राहिली!"